मालूची बातमी

पदवी मिळाली की नोकरी मागोमाग चालत येते, असं नांदखार गावात सगळ्यांनाच वाटत होतं. हेतलला तर फारच वाटत होतं. खारघरच्या कॉलेजातून पत्रकारिता शिकून आलेली गावातली ती पहिली पोरगी. निकालाच्या दिवशी तिच्या आईनं, भामानं, घरोघर पेढे वाटले. घेणाऱ्यांनी पेढा तोंडात टाकत विचारलं, "आता टीवीवर कवा दिसंल?" भामा म्हणाली, "दिसंल की!"

कसलं काय! त्या पेढ्यांवर दोन पावसाळे पडून गेले. मुंबईच्या एका वाहिनीनं तिला वर्षभर 'अनुभव' दिला, म्हणजे फुकट राबवलं, आणि वर जेवणाचा डबाही तिनं घरूनच न्यायचा. दुसरीकडे इंग्रजी अडलं. तिसरीकडे ओळख नव्हती. शेवटी एका दैनिकाच्या पनवेल कार्यालयात तिला वार्ताहर म्हणून घेतलं. वार्ताहर म्हणजे गळ्यात ओळखपत्र आणि पगाराच्या नावानं आंघोळ. गावोगावच्या पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करायच्या आणि त्यावरच्या कमिशनवर दिवस काढायचे. बातमी मात्र फुकट लिहायची. हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

घरात कमावणारे हात आता भामाचेच. बाप, जगन, तळोज्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर होता. तिथला वास छातीत बसला आणि खोकला सुटेना, तसा कंत्राटदारानं त्याला घरी बसवला. उरलं होतं ते खाडीलगतचं थोडं भातशेत. भामा रोज पहाटे उठून खारघरच्या टॉवरमध्ये धुणीभांडी करायला जाई. लेकीच्या कॉलेजाच्या समोरचाच टॉवर. तिचे गुडघे आता इतके सुजत की फरशी पुसायला बसली तर बाईसाहेबांच्या कपाटाला धरून उठावं लागे. "कपाटाला हात लावू नका हो, डाग पडतात," असं एकदा बाईसाहेब म्हणाल्या, ते भामानं घरी येऊन हसत सांगितलं. हेतलला त्या रात्री जेवण गेलं नाही. तिनं आईला शब्द दिला होता, मी पगाराच्या नोकरीला लागले की दुसऱ्या दिवशी तू घरी बसायचं.

आणि आषाढात, लावणी तोंडावर आली असताना, ती नोकरी एकदाची समोर येऊन उभी राहिली.

कार्यालयाचे प्रमुख दीनानाथ सर. सज्जन माणूस, फक्त वरून फोन आला की त्यांचा आवाज बदले. त्यांनी हेतलला समोर बसवलं. "हे बघ, मॅनेजमेंटनं एक पोस्ट सँक्शन केलीय. उपसंपादक. पगार, पीएफ, सगळं. मी तुझं नाव पुढे करीन, पण वरच्यांना दाखवायला काहीतरी दणदणीत हवं. सध्या जिल्ह्यात वाळीत टाकल्याची प्रकरणं गाजतायत. तुमच्या गावात एक बाई आहे ना?"

हेतल म्हणाली, "आहे."

"मग आण. नाव, गाव, फोटो. 'एका गावातील एक महिला' असलं मिळमिळीत नको."

ती बाई म्हणजे मालू. जगनच्या चुलतभावाची विधवा, हेतलची मालूकाकी. तिच्या घरामागच्या वाडीतून बळीरामशेठला आपल्या कंटेनर यार्डाचा रस्ता न्यायचा होता. न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर वळायला जागा पुरत नव्हती. मालूनं वाडी द्यायला नकार दिला. बळीरामशेठ गावकीचा पंच. देवळात बैठक बसली, आणि मालूशी जो बोलेल त्याला दंड, असं ठरलं. तेव्हापासून तिच्याशी सारा गाव बोलायचा थांबला. जगन थांबला, भामा थांबली. पत्रकारिता शिकलेली हेतलही थांबली, खोटं कशाला सांगा?

पाऊस कोसळत होता तेव्हा ती मालूच्या मागच्या दारानं आत शिरली. मालू चुलीपुढे बसून पायांच्या बोटांतल्या चिखल्यांना मेंदीचा पाला चोळत होती. एवढ्या दिवसांनी आपल्या घरात माणूस पाहून तिचा हात थांबला.

"बोलाया आलीस, का लिव्हाया?" तिनं विचारलं.

हेतलनं मान खाली घातली. "लिहायला, काकी."

"बरा. खोटा नाय बोललीस." मालूनं पाट सरकवला. "बस. च्या पिशील? का त्याचाबी दंड हाय?"

हेतल बसली आणि चहा प्याली. मालू बोलत राहिली. किती दिवसांचं साठलेलं, धो धो आलं. दुकानदार सामान देत नाही, गिरणीवाला दळण घेत नाही, म्हणून दळणाचा डबा डोक्यावर घेऊन पनवेलला जावं लागतं. मिनीडोरवाला ती दिसली की गाडी थांबवत नाही. दीर वारला तर तोंड बघायला जाऊ दिलं नाही, लांब चिंचेखाली उभी राहून तिनं तिरडी जाताना पाहिली. "कवा कवा मी म्हशीशी बोलतंय बाय," ती म्हणाली. "बोलायची सवय जाईल म्हनून."

"काकी, नाव टाकू? फोटोपण लागेल."

"टाक की. माजा नाव काय चोराचा हाय? टाक." आणि फोटोसाठी तिनं पदर सारखा केला.

हेतलनं बातमी लिहिली. चांगली लिहिली. हातून असं काही उतरावं म्हणून तर ती शिकली होती. पण पाठवायच्या आधी तिला कॉलेजातल्या सरांचं घोटून घेतलेलं वाक्य आठवलं. दुसरी बाजू घेतल्याशिवाय बातमी पूर्ण होत नाही. मुरलेला कुठलाही वार्ताहर सांगेल, पोरी, गावकीची दुसरी बाजू बातमी छापून आल्यावर घ्यायची असते! पण सांगणार कोण? ती वही घेऊन सरळ बळीरामशेठच्या बंगल्यावर गेली.

बळीरामशेठ ओट्यावर झोपाळ्यावर बसला होता. समोर यार्डात ट्रेलर चिखलात रुतून घरघरत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. ना आवाज चढवला, ना कपाळाला आठी घातली.

"लिव्ह की," तो म्हणाला. "शिकलेली पोर हायस, लिव्हलाच पायजे. च्या घे." मग जरा थांबून, "जगनला ठाव हाय, तू मालूच्या घरात जाऊन आलीस ता?"

"नाय, काका."

"बरा, बरा."

वहीत प्रतिक्रिया लिहून हेतल खुशीत घरी आली आणि तिनं बातमी पाठवून दिली. आपण नियमानं वागलो, असं तिला वाटत होतं. बिचारी!

दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी नव्हती. दीनानाथ सर फोन उचलेनात. संध्याकाळी देवळातून जगनला बोलावणं आलं. तो खोकत खोकत गेला आणि परत आला तो ओलाच ओट्यावर बसला. भामानं पंचा पुढे केला तो त्यानं घेतला नाही.

"आपल्याला वालीत टाकला," तो म्हणाला.

"कनाला? आपन काय केला?" भामा ओरडली.

जगननं हेतलकडे पाहिलं. "ही मालूकडं गेलती. च्या प्याली तिच्या घरात. शेठला सोता सांगून आली, मी लिव्हतंय म्हनून." तो रागावला असता तर बरं झालं असतं. पण तो नुसता म्हणाला, "बाय, मना एकदा इचारायचा तरी."

हेतल रडली. भामा रडली नाही, ती उठून रोपांकडे बघायला गेली. चिखलणी नुकतीच झाली होती. रोपं तयार होती आणि लावणी आठवडाभरही पुढे ढकलणं परवडणारं नव्हतं. नांदखारात लावणीला मजूर कुणी लावत नाही. आज तुझ्या शेतात सगळ्या बाया, उद्या माझ्या. ती साखळी एकदा तुटली की माणसानं करायचं काय? भामानं टॉवरच्या कामावर सुट्टी मागितली. बाईसाहेबांनी "मग दुसरी बघते" असं सांगितलं. तरी ती शेतात उतरली.

तिघं उतरली. पोटरीभर चिखल, वरून पावसाचा मारा, पाठीला प्लास्टिकचा कागद बांधलेला. रोपं उपटायची, मुठी बांधायच्या, वाहून आणायच्या आणि वाकून एकेक काडी चिखलात खोचत मागे मागे सरायचं. हेतलची कमर दुपारपर्यंत लाकूड झाली. नखांत चिखल जाऊन बोटं ठणकू लागली. जगन मुठी वाहता वाहता बांधावर बसून खोके. पलीकडच्या खाचरात गावच्या बाया रांगेनं लावणी करत होत्या. एरवी असल्या कामात थट्टामस्करीला ऊत येतो. पण या तिघांकडे पाहून त्यांचं बोलणं बंद पडे, आणि तिघं पाठमोरी झाली की पुन्हा सुरू होई. त्यांच्यात भामाची सख्खी जाऊ होती.

आणि भामाचे गुडघे गेले. चिखलात उजवा पाय रुतला तो निघेना. ती जोर करायला गेली आणि तशीच आडवी झाली, नाकातोंडात चिखल गेला. हेतल धावली, पण तिचेच पाय निघत नव्हते. तेवढ्यात खालच्या बांधावरून कुणीतरी झपाझपा आलं, साडीचा काष्टा वर खोचलेला. भामाच्या दोन्ही काखांत हात घालून तिनं तिला उचलून उभी केली. ती मालू होती.

 मालूनंच आपल्या पदरानं भामाचं तोंड पुसलं. "आता कं भ्यायचा?" ती म्हणाली. "तुमीबी टाकलेली, मीबी टाकलेली. आना ती मूठ."

मालू कामाला वाघीण. तिचं स्वतःचं शेत या वर्षी ओस पडलं होतं, एकटीनं होईना म्हणून. तिचे हात कामाला आसुसलेले होते. ती लावी आणि बोले, बोले आणि लावी. भामाला बांधावर बसवून ठेवलं आणि तिच्या वाटणीची ओळही मालूनं काढली. दुपारी चौघांनी एका टोपलीतली तांदळाची भाकरी खाल्ली. सुकटीची चटणी मालूनं आणली होती. ती खाताना मालू हसली, मोठ्यानं हसली, आणि एकदम डोळ्याला पदर लावला. "तिखाट लागला," म्हणाली. दुसऱ्या दिवशीही ती आली. तिसऱ्याही.

अर्धंअधिक शेत झालं तेव्हा दीनानाथ सरांचा फोन आला. हेतलनं चिखलाचा हात पाठीला पुसून फोन धरला.

"अगं वेडे, तू बातमी छापायच्या आधी त्याच्याकडे गेलीस? ते जाऊ दे. ऐक. बळीरामशेठचा वाढदिवस आहे. पहिल्या पानाची फुल पेज जाहिरात आलीय, कलर. तुझ्या एरियातली आहे, म्हणजे कमिशन नियमानं तुझं. आणि तो स्वतः मालकांशी बोलला. म्हणाला, आमच्या गावची हुशार पोर आहे, तिला कामावर घ्या. मालक खूश आहेत. तुझी पोस्ट झाली, हेतल!"

"आणि बातमी?"

 "कुठली बातमी?" दीनानाथ सर म्हणाले. मग स्वतःचाच वीट आल्यासारखा त्यांचा आवाज उतरला. "हे बघ, मला दोन मुलं आहेत. मीपण तुझ्यासारखाच आलो होतो इथे. उद्या ये. जाहिरातीचं पान तुलाच लावायचंय."

तिनं घरी सांगितलं. नको म्हणते, असंही सांगितलं. तिला वाटलं बाप तरी म्हणेल, बरोबर आहे पोरी. जगन छत्री घेऊन बाहेर पडला आणि बळीरामशेठच्या बंगल्याकडे गेला. भामा चुलीजवळ पाय पसरून बसली होती. दोन्ही गुडघे भोपळ्याएवढे सुजले होते. हेतल तिच्या पायांना तेल लावू लागली.

"आये, मालूकाकीनं आपली लावणी केली."

"मना ठाव नाय?" भामा म्हणाली. "मालूचा काय चुकला सांग? काय नाय चुकला. तिच्या जागी मी असती तर मीबी वाडी दिली नसती." मग तिनं भिंतीला डोकं टेकलं. "पन बाय, माज्यात आता बल नाय. मना वाटला व्हता मी हे चिखलातच मरतंय. तू जा कामाला."

दुसऱ्या दिवशी हेतल गेली.

कार्यालयात तिला खुर्ची मिळाली, टेबल मिळालं. समोरच्या पडद्यावर बळीरामशेठ हात जोडून उभा होता, पांढरा शर्ट, गळ्यात साखळी. वर मोठ्या अक्षरांत टाकायचं होतं, 'गोरगरिबांचा आधार, गावाचा कैवारी'. हेतलनं ते टाकलं. खाली शुभेच्छुक म्हणून गावातल्या सगळ्या घरांची नावं यायची होती. नावं घेऊन माणूस येतोय, असं सर म्हणाले.

तो माणूस म्हणजे जगन. दारात चपला काढून, भिजलेली छत्री बाहेरच ठेवून तो आत आला. लेकीचं कार्यालय तो पहिल्यांदाच बघत होता. शिपायालाही त्यानं नमस्कार केला. खुर्ची दिली तरी बसला नाही, ओला आहे म्हणाला. खिशातून प्लास्टिकच्या पिशवीतला कागद काढून त्यानं हेतलच्या पुढे ठेवला.

"शेठ बोलला, माफ केला," तो हळूच म्हणाला. "नारल दिला देवलात. उद्यापासून बाया येतील लावणीला. सगल्यांची नावं हायेत ह्यात. माजाबी हाय, खालती. नीट टाक हां."

हेतल एकेक नाव टाकत गेली. शेवटचं जगनचं. ते टाकलं आणि तिनं कागद उलटसुलट करून पाहिला. "बाबा, मालूकाकीचं?"

जगननं खिडकीतून बाहेर पाहिलं. "तू तुजा काम कर, बाय."

मग तो पडद्याजवळ वाकला. अक्षरं जुळवत त्यानं आपलं नाव वाचलं. छातीत खोकला दाटला होता तरी त्याच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "माजा नाव पेपरात," तो शिपायाकडे वळून म्हणाला. "माज्या पोरीनं टाकला." हेतलला तेव्हा बापाची इतकी कीव आली, आणि स्वतःची इतकी शिसारी, की ती उठून मोरीत गेली आणि तोंडावर पाणी मारत राहिली.

पेपर आला त्या सकाळी पावसानं जरा उसंत घेतली होती. हेतल नवा ड्रेस घालून कामाला निघाली. शेतात गावच्या बाया रांगेनं उतरल्या होत्या, जाऊबाईसुद्धा, आणि थट्टामस्करीला नुसता ऊत आला होता. भामा बांधावर पाय पसरून बसली होती. दुकानदारानं तिला सकाळी न मागता चहापत्तीचा पुडा दिला होता.

खालच्या बांधावरून मालू आली. नेहमीसारखा काष्टा खोचून, फडक्यात भाकरी बांधून. बायांची रांग दिसली तशी ती थबकली. बायांचं बोलणं बंद पडलं. मालूनं भामाकडे पाहिलं. भामा गवताची काडी तोडू लागली, तोडतच राहिली. तीन दिवस जिनं तिच्या वाटणीचा चिखल तुडवला, तिच्याकडे तिनं मान वर करून पाहिलं नाही. मालूला सगळं कळलं. ती काही भांडली नाही. भाकरी काखेत धरून ती वळली आणि रस्त्याच्या बाजूनं वर आली.

रस्त्यावर हेतल मिनीडोरची वाट बघत उभी होती. मिनीडोर आली आणि आज हात न करताच थांबली. ड्रायव्हर आरशातून बघत होता. आत बळीरामशेठचा पुतण्या बसला होता, मांडीवर पेपर पसरून.

मालू हेतलच्या समोर आली. तिनं नवा ड्रेस पाहिला, गळ्यातलं नवं ओळखपत्र पाहिलं, आणि तिचा चेहरा खरोखरच उजळला.

"नोकरी लागली काय ग? पगाराची?" ती म्हणाली. "बरा झाला, बाय. भामाचे गुडगे सुटले."

हेतलच्या ओठांपर्यंत 'काकी' आलं. पुतण्यानं पेपरावरून मान वर केली होती. हेतल काही बोलली नाही. ती मिनीडोरमध्ये चढली, पर्स मांडीवर घेतली आणि समोर बघत बसली. गाडी सुरू झाली तरी मालू रस्त्याच्या कडेला तशीच उभी राहिली, काहीतरी उत्तर येईल म्हणून.